मूकपटाचा प्रॉम्प्टर

सेलूच्या बाजारात येऊन कोणी दिग्दर्शकाचं घर विचारलं तर त्याला माझ्या दारापर्यंत कोणी आणून सोडणार नाही. पेंटरचं घर विचारा, रसवंतीवालाही बोट दाखवील. आयुष्यभर मी जे जे केलं, त्या सगळ्याला आमच्याकडे हा एकच शब्द आहे. दुकानाच्या पाट्या लिहिणारा पेंटर, नाटकाचे पडदे रंगवणारा पेंटर, गणपतीपुढचा देखावा उभा करणारा पेंटर आणि सिनेमाचे सेट बांधणाराही पेंटरच. उतारवयात मी मूकपट काढायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "समदं जग बोलायला लागून किती जमाना झाला, अन् तुमी आता लोकायची तोंडं बंद करायलाव." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मूकपटांचा काळ जगात कधीच संपला. आमच्या भागात तो माझ्यापासून सुरू झाला. या भागातला पहिला मूकपट-दिग्दर्शक मीच, असं मी बिनदिक्कत सांगतो, आणि दुसरा कोणी अजून निपजला नसल्यामुळे भांडायलाही कोणी येत नाही.

आधी माझ्या मूळ धंद्याबद्दल सांगतो. सेट लावणं म्हणजे खोटं घर बांधणं. खऱ्या घराला चार भिंती लागतात, आमच्या घराला तीन पुरतात; चौथीच्या जागी तुम्ही बसलेले असता. पाया नसतो, छप्पर नसतं, भिंतीवर जोरात हात ठेवला तर ती हलते. पण दाराची कडी मात्र खरी लागते. नटाचा हात कडीवर खोटा पडला की अख्खा राजवाडा खोटा पडतो. हे मला कोणी शिकवलं नाही, एका नटाच्या हातात माझी पुठ्ठ्याची कडी निघून आली तेव्हा समजलं.

तरुणपणी मी गावोगावच्या नाटकांना पडदे भाड्याने द्यायचो. मांजरपाटाचं कापड, त्यावर खळ, आणि सरसात कालवलेले पावडरचे रंग. दरबार, जंगल, रस्ता आणि झोपडी असे चार पडदे माझ्याकडे होते, आणि आमच्याकडच्या कुठल्याही नाटकाची कथा या चारांत बसवावी लागे. लेखकाने समुद्र लिहिला असेल तर मी त्याला समजावून जंगलावर आणत असे. पुढे काही वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत सेटवर काम केलं. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. जुन्या काळी विजेचे दिवे पुरेसे नसत, तेव्हा सेटला वर छप्परच ठेवत नसत, आकाशाखाली पांढरं कापड ताणून उन्हाचा उजेड मऊ करून घेत, हे त्यांनी मला सांगितलं. हे ऐकून मी ठेवून दिलं. गावाकडची ओढ सुटेना म्हणून परत आलो, तोवर पडद्यांच्या जागी छापील फ्लेक्स आले होते. माझा दरबाराचा पडदा मग बरीच वर्षं आमच्या कडब्याच्या गंजीवर पावसाळ्यात झाकण म्हणून होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे कॅमेरा आला की माणसं काय करतात, हे मला चारठाण्यात कळलं. एका सिनेमावाल्यांना जुनंपानं खेडवळ घर हवं होतं. चारठाण्याच्या देवळांपासून जवळच गयाबाईंचं घर त्यांनी पसंत केलं. गयाबाई म्हणजे घर आरशागत ठेवणारी बाई. मुंबईचे दिग्दर्शक मला म्हणाले, हे फार नीटनेटकं आहे, जरा जुनं करा. मी कामाला लागलो. भिंतीला काजळी फासली, चहाचं पाणी मारून ओल दाखवली, कोपऱ्यातला गिलावा खरवडला, दाराशी तेलकट हातांचे डाग उमटवले. जीव ओतून केलेलं काम होतं. त्या भिंतीकडे बघून दिग्दर्शकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर भिंत पांढरी शुभ्र. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, वर आंब्याचं तोरण.

गयाबाई हसत पुढे आल्या. "पेंटरभाऊ, तुमच्या लोकायनं लय घाण केली व्हती बगा. मी पहाटं उठून समदं पोतारून घेतलं."

"गयाबाई, ती घाण मी केली होती."

"तुमी?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कामून? आमी काय वाईट केलं तुमचं?"

मी त्यांना सिनेमाची गरज समजावून सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरचे बघतील हे. लेक घर पोतारीत न्हाई, मनतील. ते काई चालायचं न्हाई." शेवटी दिग्दर्शकांनी हात टेकले आणि त्याच पांढऱ्या भिंतीपुढे काम उरकलं. माझी मेहनत पाण्यात गेली, पण मनातून मी गयाबाईंच्या बाजूचा होतो. जग बघणार म्हटल्यावर कुठली बाई भिंतीला काजळी राहू देईल?

तीच गत बोलण्याची. माझी भाची सुरेखा जिंतूरला लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढते, हाताला पक्की आहे. तिला घेऊन मी स्वतःचा पहिला छोटा सिनेमा काढायला घेतला. गोष्ट साधी होती, बैल हरवतो आणि सापडतो. बैलाच्या मालकाचं काम बोरीच्या किसनला दिलं. किसन एरवी फड गाजवणारा गडी, ऊसतोडीच्या टोळीत त्याच्या बोलण्यावर लोक थकवा विसरतात. तालमीत तो झकास ओरडायचा, "आरं कुठं मेलं रं हे जनावर!" सुरेखाने कॅमेरा सुरू केला आणि किसन ताठ उभा राहून म्हणाला, "अहो, आपला बैल बरे कोठे गेला असेल?"

मी म्हणालो, "किसन, घरी बोलतोस तसं बोल की."

"घरी कोन बघायलंय, पेंटरकाका? हे समदे लोक बघतेन. जरासक शुद्ध नको का?"

मी चिडलो, समजावलं, पुन्हा चिडलो. किसन काही शुद्धातून बाहेर येईना. संध्याकाळी काढलेलं बघत बसलो असताना सुरेखा म्हणाली, "मामा, आवाज बंद करून बगा बरं एकदा." तिने आवाज बंद केला. आणि समोर खरा किसन दिसायला लागला! डोळे बैल शोधत होते, हात कपाळाला लागत होता, खांदे पडले होते. तोंडानेच तेवढा घात केला होता. त्या दिवसापासून मी आवाज काढून टाकला. लोक याला कला म्हणोत की काटकसर, माझ्या दृष्टीने ती गयाबाईंच्या भिंतीवरची तडजोड होती. माणसांना भारी दिसायचं असतं, दिसू द्यावं. फक्त त्यांना बोलायला लावू नये.

मूकपटात मध्येमध्ये पाट्या येतात. कोण काय म्हणालं, पुढे काय झालं, ते अक्षरात लिहिलेलं असतं. पाट्या लिहिण्यात माझा हात आधीच बसलेला, त्यामुळे ते काम माझ्या आवडीचं. आमच्या गावांत पाटी आली की वाचता येणारे मोठ्याने वाचतात आणि न येणारे "काय मनला, काय मनला" करत त्यांना घाई करतात. असे चार-दोन मूकपट मी काढले, शेतात, देवळामागे, बसस्टँडवर. लोक हसले, एका ठिकाणी रडलेही. मी खूश होतो. पण ज्याच्यासाठी मूकपटच हवा होता, दुसरं काही चाललंच नसतं, असा एकच निघाला, तो बोरीच्या रंगनाथतात्यांचा.

रंगनाथतात्या शेतकरी, पण बोरीत आणि आसपास त्यांना राजा म्हणूनच ओळखत. गावच्या जत्रेत दरवर्षी एकच नाटक व्हायचं, गावातल्याच एका दिवंगत मास्तरांनी लिहिलेलं. विजयसेन राजा वेष पालटून रयतेत फिरतो आणि परत येतो तेव्हा त्याचेच द्वारपाल त्याला ओळखत नाहीत, अशी गोष्ट. विजयसेन नेहमी तात्याच. आवाज असा की शेवटच्या बैलगाडीत झोपलेलं लेकरू दचकून उठायचं. त्यांच्याबरोबर उजव्या विंगेत उभे राहायचे भगवानअण्णा, गावचे शिंपी आणि नाटकाचे प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला की आडून हळूच वाक्य सांगणारा माणूस. दोघं बालपणाचे सोबती आणि दिवसातून एकदा भांडण झाल्याशिवाय दोघांनाही अन्न गोड लागत नसे.

तात्यांच्या घशात रोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, ते उपरण्याने झाकून घेत. आवाज कायमचा गेला. गावाने त्यांच्यावर माया कमी केली नाही, पण मायेचीही एक तऱ्हा असते. लोक त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलायला लागले, आणि काही विचारायचं असलं की त्यांच्या समोर त्यांच्या बायकोला विचारायला लागले, "तात्या जेवले का?" तात्यांनी चावडीवर जाणं सोडलं. जत्रेतलं नाटकही बंद पडलं. तात्या असताना दुसरा राजा कसा उभा करायचा, असं म्हणून गावाने ते मानानेच बंद केलं, आणि त्या मानानेच तात्या जास्त खचले.

एक दिवस अण्णा त्यांना घेऊन माझ्याकडे सेलूला आले. तात्यांच्या हातात लेकरांची असते तशी पाटी होती. अण्णांनी बोलायला सुरुवात केली, "पेंटर, याच्या मनात आसं हाय की..." तात्यांनी त्यांच्या गुडघ्यावर पाटी आपटली. मग तात्यांनी लिहून माझ्यापुढे धरलं. "तुज्या सिनेमात कोनी बोलत न्हाई मने."

"हो, तात्या. कोणीच बोलत नाही."

त्यांनी बोटाने पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "मंग मी चालतो की."

तेवढ्यात आतून बायकोने चहा आणला म्हणून बरं झालं. तात्यांना एकच हवं होतं, पुन्हा एकदा बोरीपुढे राजा व्हायचं. ते त्यांनी लिहून दाखवलं. मग आणखी एक ओळ लिहिली आणि मी वाचायच्या आत पुसायला गेले, पण मला दिसली. "हासले तर?"

मी म्हणालो, "तात्या, नाही हसणार." हे मी कशाच्या भरवशावर म्हणालो ते देवाला ठाऊक. पण सेट लावणाऱ्या माणसाला भिंत हलत असतानाही नटाला "टेका बिनधास्त" म्हणावं लागतं.

सेलूत एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची शेड मिळाली. वरचे गंजके पत्रे मालकाला नाहीतरी काढायचेच होते. ते काढल्यावर मी आकाशाखाली पांढरं कापड ताणलं, आणि मुंबईच्या मिस्त्रींनी सांगितलेला उजेड मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहायला मिळाला. मऊ, सगळीकडे सारखा, डोळ्यांखाली काळं न पाडणारा. तुरीच्या तुराट्यांचे जुडगे बांधून, वर कापड चढवून, मी दरबाराचे खांब केले. कापूस भरायच्या खोक्यांचं सिंहासन केलं आणि ते निळ्या रंगाने रंगवलं.

तात्यांनी सिंहासन पाहिलं आणि पाटीवर एवढंच लिहिलं, "लाल."

"तात्या, सिनेमा काळा-पांढरा आहे. मागची भिंत तपकिरी आहे. लाल आणि तपकिरी काळ्या-पांढऱ्यात एकच दिसतं. सिंहासन भिंतीत बुडून जाईल."

त्यांनी 'लाल'खाली रेघ मारली. अण्णा म्हणाले, "निळ्या खुर्चीवर तर तलाठी पण बसतो, पेंटर." शेवटी मी शेजारून लाल लुगडं मागून आणलं, अर्ध्या सिंहासनावर टाकलं आणि सुरेखाच्या कॅमेऱ्यातून तात्यांना बघायला लावलं. लाल अर्धं भिंतीत गडप, निळं अर्धं उठून दिसत होतं. तात्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग स्वतः जाऊन लुगडं उचललं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. गळ्याचं भोक झाकायला मी मोत्यांचे कंठे एकावर एक घातले. श्वासाची शिट्टी वाजायची, पण आमच्या कॅमेऱ्याला कान नव्हते.

पहिला प्रवेश. राजा दरबारात येतो. तात्या आले, अगदी तोच जुना डौल, आणि मधोमध उभे राहून उजवीकडे बघत राहिले. आम्ही थांबलो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सुरेखा म्हणाली, "तात्या, बोला... म्हंजी, ओठ हलवा."

तात्यांनी पाटी मागवली. "अन्ना कुठाय?"

अण्णा बाहेर चहा पीत होते. मी म्हणालो, "तात्या, यात वाक्यंच ऐकू येणार नाहीत. प्रॉम्प्टर कशाला?"

"मला लागतो."

मग अण्णांना उजव्या खांबाआड स्टुलावर बसवलं. त्यांनी जुनी चोपडी उघडून पहिलं वाक्य सांगितलं, आणि तात्यांच्या चेहऱ्यावर राजा उतरला. ओठ शब्दाशब्दाला हलत होते, एक कानामात्रा सुटत नव्हती. मूकपटाला प्रॉम्प्टर लावणारा जगातला पहिला दिग्दर्शक मी असेन. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर आम्हा सगळ्यांना वेड्यात काढलं असतं.

दुसरी अडचण पाठीची निघाली. नाटकातला नट प्रेक्षकांना पाठ दाखवत नाही, तो त्यांचा अपमान असतो. राजा दरबार सोडून मागच्या दाराने निघून जातो, असा प्रवेश होता. तात्या तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून उलट्या पावलांनी दाराबाहेर गेले. सुरेखाला हसू आवरेना. किती समजावलं तरी पाय वळेनात. माझ्या लक्षात आलं, हा माणूस आयुष्यभर विंगेकडे गेलाय, आणि अण्णा असतील तीच विंग. मी अण्णांचं स्टूल उचलून मागच्या दाराच्या पलीकडे नेऊन ठेवलं आणि म्हणालो, "तात्या, विंग आता मागं आहे." तात्या वळले आणि सरळ पाठ दाखवून चालत गेले. इतकी सुंदर पाठ मी कॅमेऱ्यात दुसरी पाहिलेली नाही.

द्वारपालाचं काम किसनचं होतं. तो ऊसतोडीला जाण्याआधी त्याचे प्रवेश उरकून घेतले. राहिल्या पाट्या. मी सुंदर वळणदार अक्षरात विजयसेनाची वाक्यं लिहून ठेवली होती. तात्यांनी ती बघितली आणि लिहिलं, "मी काय किराना दुकान हाय का, पाटी लावायला?"

"पण तात्या, लोकांना कळणार कसं? नाही कळलं तर..."

मी पुढचा शब्द गिळला. त्यांना तो कळला. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "माजं गाव हाय."

मी पाट्या बाजूला ठेवल्या. त्या अक्षरांवर मी मनापासून मेहनत केली होती, आणि आत भीतीही होती. पाटी नाही, आवाज नाही, नुसता ओठ हलवणारा म्हातारा. हसू यायला आणखी काय लागतं?

चैत्रात जत्रा भरली. ऊसतोडीला गेलेली मंडळी परतली होती, किसनही आला होता. नाटकाच्या जुन्या लाकडी स्टेजवर मी कापड ताणलं, समोर प्रोजेक्टरचं मशीन लावलं. तात्यांना पुढे खुर्ची ठेवली होती, पण ते तिच्याकडे न बघता कापडामागे जाऊन बसले. अण्णा त्यांच्या पाठोपाठ गेले. अंधार पडल्यावर मी सिनेमा सुरू केला.

राजा पडद्यावर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो बोलायला लागला आणि सगळीकडे शांतता झाली. ती चांगली शांतता नव्हती. लोकांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आपल्या माणसाचं हे असं झालं, हे इतकं मोठं करून त्यांना दाखवत होतो मी. मशीनजवळ उभा राहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कापडामागून अण्णांचा आवाज आला. समोर राजाचे ओठ हलताहेत आणि कोणी काही बोलत नाही, हे त्या प्रॉम्प्टरच्या जिवाला सहन झालं नसावं. त्यांनी वाक्य सांगितलं. अण्णांचा आवाज बारीक, सुईत दोरा ओवावा तसा. पडद्यावर एवढा मोठा राजा आणि त्याला तो किनरा आवाज! पुढच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. मागे आणखी कोणी हसलं. जे पाटीवर लिहून तात्या पुसायला गेले होते, तेच होत होतं. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"ये अण्णा!" गर्दीतून किसन उठून ओरडला. "राजा आसा बोलतो व्हय?"

आणि त्याने ते वाक्य स्वतः म्हटलं, तात्यांच्या ढंगात, छाती भरून. शेजारच्याने पुढचं म्हटलं. बोरीने हे नाटक इतक्या वेळा बघितलेलं की निरक्षर म्हाताऱ्यांनाही ते पाठ होतं. कापडामागून अण्णा वाक्य सांगत, आणि समोर अख्खं गाव राजाच्या ओठांवर डोळे ठेवून ते म्हणत होतं. बायाही म्हणायला लागल्या. ज्यांनी किसनला कॅमेऱ्यापुढे शुद्ध बोलताना ताठ झालेलं पाहिलंय, त्यांना खरं वाटणार नाही, पण राजाच्या भाषेत कोणीच अडखळलं नाही. मशीन बंद करायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

शेवटचा प्रवेश आला. वेष पालटलेला राजा दारात उभा आहे आणि द्वारपाल त्याला अडवतो. गाव एका सुरात म्हणत होतं, "मुकुट नाही म्हणून ओळख नाही? रथ नाही म्हणून ओळख नाही? नीट पाहा, द्वारपाला! उघड हे दार!"

पडद्यावर राजाचे ओठ अजून हलत होते. गाव पुढे निघून गेलं होतं.

कापड बाजूला झालं आणि तात्या बाहेर आले. सरळ मशीनच्या उजेडात येऊन उभे राहिले, त्यांचाच चेहरा त्यांच्या सदऱ्यावर पडला होता. त्यांनी हात वर केला. मी सिनेमा थांबवला. त्यांचा चेहरा रागावलेला होता, तालमीत कोणी चुकलं की व्हायचा तसा. अण्णाही मागून आले, हातात चोपडी. तात्यांनी त्यातल्या एका ओळीवर बोट आपटलं. अण्णांनी वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मध्ये एक वाक्य होतं. "नीट पाहा, द्वारपाला" म्हटलं की दरवर्षी टाळ्या आणि शिट्ट्या पडायच्या, आणि पुढचं वाक्य त्या कल्लोळात बुडून जायचं. तात्या ते दरवर्षी म्हणायचे आणि गावाने ते कधी ऐकलंच नव्हतं. तात्या त्यावर कधी अडले नव्हते, म्हणून अण्णांनाही ते सांगायची कधी वेळ आली नव्हती, आणि आज अंधारात पाठ सांगताना त्यांच्याकडूनही ते सुटलं होतं.

अण्णा वाचून दाखवायला निघाले. तात्यांनी चोपडीच मिटली. मग गावाकडे तोंड करून, उपरणं नीट करून, त्यांनी ओठ हलवले. एकदा. लोक पुढे झुकले. तात्यांनी पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून दाखवला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हळूच म्हटलं, "मी..." तात्यांनी मान हलवली. किसन म्हणाला, "मी तोच..."

"मी तोच हाय," सगळे म्हणाले.

मास्तरांच्या नाटकात 'आहे' होतं. तात्यांनी ते चालवून घेतलं. माझ्याकडे वळून त्यांनी हाताने खूण केली, मागून घे.

मी सिनेमा थोडा मागे घेतला. तात्या परत कापडाआड गेले नाहीत. स्टेजच्या कडेला उभे राहून ते लोकांकडे बघत होते. राजा पुन्हा दारात आला, द्वारपालाने पुन्हा अडवलं, गाव पुन्हा म्हणायला लागलं. "नीट पाहा, द्वारपाला!" म्हटलं आणि सगळे थांबले. राजाचे ओठ हलले, गावाने ते वाक्य त्याच्याबरोबर म्हटलं, आणि या वेळी कोणी टाळी वाजवली नाही.